काटा हलला का

—नाही, नाही हलला. म्हणजे मी बघतेय, डोळे फाडून बघतेय, पेट्रोलपंपाचं चित्र आहे ना त्याच तबकडीकडे बघतेय, ढिम्म. मिस्त्री, पुन्हा लावा बरं ती टाकीची वायर पत्र्याला. लावली? ...ढिम्मच आहे. शेजारचा मात्र टुणकन उडाला, तो इंजिनाच्या पाण्याचा, पण त्याचं काय घेऊन बसायचं, तो असाच आहे, मन मानेल तसा वर-खाली करतो. काचेवर एक टिचकी मारली मी त्याच्या, बसला खाली. काय म्हणालात? काही नाही हो, तुम्ही तुमचं करा, पलीकडे ते पत्रा घासतायत त्यात तुमचं अर्धं मला ऐकू येत नाही आणि माझं अर्धं तुम्हाला. मी इथे बसलेय, काटा हलला की ओरडते. एवढंच काम दिलंय ना मला? तेवढं जमेल. ह्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा योग तसा पहिल्यांदाच आलाय, तोही गाडी उभी असताना, तेव्हा मला काही घाई नाही.

तर मी काय सांगत होते — हां, तीन वेळा. एकाच महिन्यात तीन वेळा पेट्रोल संपून गाडी रस्त्यात उभी. पहिल्यांदा बाजाराच्या तोंडाशी, ते एक वेळ चाललं, लोक तिथे हौसेनं ढकलतात. दुसऱ्यांदा आमच्याच गल्लीत, घर समोर दिसतंय आणि गाडी जागची हलत नाही. पण तिसऱ्यांदा कुठे म्हणाल तर चढावर, वळणावर, मागून ट्रक. मुलीकडे निघालो होतो. मी उतरले, चपला काढून मागच्या सीटवर टाकल्या आणि अनवाणी ढकलली गाडी कडेला. आणि हे आत बसून स्टिअरिंग धरून मला सांगतायत, डावीकडून ढकल, डावीकडून. ट्रकवाला थांबला, उतरला, त्यानं ढकलली. जाताना म्हणाला, आजी, काटा बघत जा गाडीचा. आजी म्हणाला, ते मी सोडून दिलं. पण काटा मी कशाला बघू? गाडी चालवणाऱ्यानं बघायचा. तर ह्यांचं म्हणणं, काटाच खराब आहे, काट्यात दोष आहे. बरं, खराब आहे तर दुरुस्त करून घ्या — तर नको. कुणाला ह्या गाडीला हात लावू द्यायचा नाही. मला अंदाज आहे, म्हणतात. तो अंदाज मी अनवाणी ढकललाय.

ते तिथे बसलेत ना, टायरांच्या ढिगाशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून — तेच आमचे हे. कालपासून अबोला आहे. ऐकू येतं त्यांना, कान तिखट आहेत एकदम, ऐकू जावं म्हणूनच तर मी मोठ्यानं बोलतेय. मुलीनं काल फोनवर स्पष्ट सांगितलं, बाबा, तो पेट्रोलचा काटा नीट झाल्याशिवाय मी चिमणीला त्या गाडीत बसवणार नाही. चिमणी म्हणजे नात. सुट्टी लागलीय तिला, उद्या सकाळी तिला आणायला जायचंय, आणि रस्ता तोच, तो चढाचा. तिनं तिकडे पिशवी भरून दाराशी ठेवलीय म्हणे. वर्षातून एकदा येते हो ती. तिच्यासाठी मी अख्खं वर्ष ढकलते, गाडी तर काहीच नाही. म्हणून म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, आज गाडी गॅरेजात जाणार. हे तयार होईनात. मी म्हटलं, मग मी एकटी घेऊन जाते. तसे उठले मुकाट्यानं आणि बसले गाडीत. मी घेऊन जाते म्हटलं की उठतात ते.

लायसन्स आहे माझ्याकडे, हसू नका. रीतसर शिकले, परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात पास. ह्यांनी माझं अभिनंदन केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. तुला ही गाडी कळायची नाही, म्हणाले. आणि खरंच आहे ते, कशी कळावी? ह्या गाडीत गाडीचं असं आहे काय? इंजिन एका गाडीचं, टाकी दुसरीची, ही सीटं कुठल्याशा मिनीबसची, त्यामुळे माझे पाय लोंबतात, आणि हा समोरचा डॅशबोर्ड आणलाय भंगारातून, ह्यांनी स्वतः बसवलाय, आमच्याच अंगणात, चार रविवार ह्यांचे नुसते पाय दिसत होते बाहेर. मूळ गाडीचं म्हणाल तर फक्त ते माझ्या बाजूचं दार राहिलंय, ते पण नुसतं ओढून उघडत नाही, वर उचलायचं, जरा आत ढकलायचं, मग ओढायचं. ते ह्यांना अजून माहीत नाही. त्यांना काय गरज, ते कधी त्या बाजूला बसलेत?

आणि घरात तेच. आमच्याकडे न्हाणीघराचा दिवा लावायचं बटण स्वयंपाकघरात आहे. मिक्सर चालवायचा तर आधी बाहेरच्या खोलीतला दिवा लावावा लागतो, का ते विचारू नका, मी विचारणं सोडलं. पाहुणे आले की मी त्यांच्यामागे बटणं दाखवत फिरते. घरातलं एकही यंत्र असं नाही की ह्यांच्यावाचून चालेल. पूर्वी मला वाटायचं, हौस आहे माणसाला. मग मला कळलं — हौस नाही, ही सोय आहे. ह्यांच्यावाचून कुणाचं पान हलू नये ह्याची सोय. मी दोन दिवस बहिणीकडे गेले तर घर मजेत चालतं, आणि हे दोन दिवस कुठे गेले तर मी अंधारात अंघोळ करते. ...हो, तुम्हाला सांगतेय, पण तिकडे पोचतंय बरोबर, बघा, मान वळवली त्यांनी.

काय? चालू करू? इंजिन? मी? ...नाही नाही, करते की. किल्ली इथे आहे. न्यूट्रल... हो, आहे. हं. झालं चालू. बघा, पहिल्या झटक्यात. चालूच ठेवायचं म्हणता? थोडा वेळ? ठेवते. मला काय, पेट्रोल ह्यांचं जळतंय. तुमचं तोंड असं का झालंय पण, हसताय की काय टाकीच्या वासानं होतंय तसं? बरं, नका सांगू. बसते मी काट्याकडे बघत.

तशी गाडी चालवतात हे छान हो, खोटं कशाला बोलू. उभ्या जन्मात कुणाला धक्का नाही लागला. आता अलीकडे जरा जपून चालवतात, म्हणजे फारच जपून, आज येताना एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून बघून गेला. आणि नवीन एक सुरू झालंय, चौकात आलो की मला विचारतात, डावीकडून काय येतंय गं? मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच माझं मत विचारताय. आवडलं मला, का नाही आवडणार? आणि पेपर. सकाळचा पेपर माझ्या हातात कधी ह्यांचा चहा झाल्याशिवाय मिळायचा नाही, आता म्हणतात, तूच वाच, मोठ्यानं वाच, तू वाचतेस तेव्हा बातमी खरी वाटते. ऐकलंत? मोबाईलवरचे निरोपसुद्धा मीच वाचून दाखवते. आवाज गोड आहे म्हणे माझा. म्हातारपणी माणूस मवाळ होतो म्हणतात ते काही खोटं नाही. बहिणीला सांगितलं मी फोनवर, तर ती म्हणते, जप, काहीतरी मागणार आहेत.

थट्टेखोरपणाही वाढलाय. परवा फाटकात शेजारचे काका उभे होते, लुंगेसुंगे नव्हेत, चांगले दाढीमिशा असलेले काका, तर हे लांबून म्हणतात कसे, काय वहिनी, बऱ्या आहात ना? काका हसले, मी हसले, हे पण हसले. जरा उशिरा हसले.

अगंबाई — मिस्त्री, अहो मिस्त्री, हलला. काटा हलला. वर चढतोय. काय केलंत तुम्ही? काहीच नाही? मग चढतोय कसा? पाव झाला... पावाच्या पुढे गेला. वायर लागली असेल कुठेतरी आपोआप. बघितलंत, ह्यांना म्हणत होते ना मी, माणसाच्या हातात दिली की गाडी सुधारते. अर्धा. अर्ध्याच्या वर. टाकीत एवढं पेट्रोल आहे? आम्ही तर येताना डबाभरच टाकलं होतं. पाऊण. हे बरंय, गाडी उभी आणि पेट्रोल वाढतंय, अशीच दिवसभर चालू ठेवली तर शेजाऱ्यांनाही देता येईल. मिस्त्री, भरत आली हो टाकी. अहो ऐकलंत का, तुमची टाकी भरत आली. उठले बघा. आले वाटतं बघायला. या, या, बघा तुमच्या खराब काट्याकडे. ...अहो, पण घाई कशाला, पडाल, ती बादली — लागलं? लागलंच. बादली काय लपून बसली होती? अहो काय करताय, माझ्या पायाशी काय शोधताय, सरका — पाय काढते, थांबा.

हे काय? कसलं बटण दाबलंत? हा आवाज कसला?

पंखा? इंजिनाचा पंखा? तो आपण चालू करायचा असतो? सीटखाली बटण? घ्या, मिस्त्री, ऐका. सगळ्या जगाच्या गाड्यांचा पंखा आपला आपण चालू होतो, आमच्या गाडीचा सीटखालून लावावा लागतो. न्हाणीघरातला दिवा स्वयंपाकघरातून, तसाच हा. आणि हे मला कधी सांगणार होतात तुम्ही? इंजिन फुटल्यावर? आता बोला की, फुटला ना अबोला. ...बोलले. काल दुपारपासून पहिला शब्द, आणि तो काय, तर तापली.

आणि हा काटा खाली का येतोय आता? मिस्त्री, हा बघा, पेट्रोलचा, खाली येतोय. भरलेलं पेट्रोल गेलं कुठे? ...काय? पुन्हा सांगा. थांबा, हे पत्रा घासणं थांबू दे.

हा पाण्याचा आहे? हा पंपाच्या चित्राचा जो आहे तो इंजिन किती तापलं ते दाखवतो? आणि तो शेजारचा, पाण्याचा, ज्याला मी टिचक्या मारत बसले होते, तो पेट्रोलचा? वायरी उलट्या लागल्यात मागून? मघाशी तो उडाला तेव्हाच तुम्हाला शंका आली ना, म्हणून इंजिन चालू करायला लावलंत आणि मला बसवलंत पेट्रोल वाढतंय म्हणून आरोळ्या मारत. हसा, हसा. मलाही हसू येतंय. म्हणजे इतकी वर्षं, हा डॅशबोर्ड बसवल्यापासून, आम्ही गरम पाण्यावर चाललोय.

अहो, तुम्हाला माहीत होतं? ...मान हलवतायत बघा. माहीत होतं. बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं म्हणे. मग पुन्हा चार रविवार झोपायचा कंटाळा आला, म्हणून डोक्यात उलटं करून टाकलं. वायरी उलट्या त्या उलट्याच, आणि वाचणाऱ्यानं सुलट वाचायचं. आणि म्हणून मला ही गाडी कळायची नाही. कळणार कशी, शाळेत शिकलेलं अक्षरही इथे उपयोगाचं नाही. धन्य आहे हो तुमची. तुम्ही गेल्यावर — नाही, तसं नाही म्हणत मी, नाटक करू नका — तुम्ही चार दिवस कुठे गेलात तर ही गाडी मी कुणाकडून वाचून घेणार होते?

काय म्हणालात?

काटा कुठे आहे आता? अहो, हा काय. तुमच्या नाकासमोर तर आहे. तुम्ही वाकलात त्या काचेवर, तुमचं नाकच टेकलंय की तिथे...

अर्ध्यावर आहे. अर्ध्याच्या जरा खाली. उतरतोय. हो, उतरतोय हळूहळू, काळजी नाही. पंखा चालू आहे ना, ऐकू येतोय ना तुम्हाला. तुम्ही बसा जाऊन. नाही, मी चिडलेली नाही. बसा तुम्ही खुर्चीवर. अहो बादली — उजवीकडून जा. उजवीकडून. हं.

मिस्त्री, जरा इकडे या. अजून जवळ या, त्यांचे कान तिखट आहेत. मला एक सांगा. वायरी उलट्या आहेत त्या काही काल झाल्या नाहीत. इतकी वर्षं उलट्याच आहेत, आणि ह्यांना ते माहीत होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत ही गाडी एकदाही, एकदाही पेट्रोल संपून उभी राहिलेली नाही. मग ह्या महिन्यात तीन वेळा का राहिली? काटा तोच. वायरी त्याच. टाकी तुम्ही बघितलीत, ठीक आहे म्हणालात. मग?

बोलू नका. मला कळलंय. मघाशी काचेवर बोट फिरवत होते ते, बघितलंत ना तुम्ही? मला वाटलं धूळ पुसतायत.

पेपर, मोबाईल. डावीकडून काय येतंय गं. आणि ते काका — आम्ही सगळे हसलो हो, मी तर पोट धरून हसले. आणि मी बहिणीला सांगत बसले, मवाळ झालेत, आवाज गोड वाटतो त्यांना माझा. मूर्ख बाई. ट्रक मागे होता त्या वळणावर. आणि उद्या मी चिमणीला त्या मागच्या सीटवर बसवणार होते, काटा नीट झाला म्हणून, अगदी निर्धास्त. इतकी भीती मला गाडी ढकलतानाही वाटली नव्हती.

आणि रागही येतोय, खोटं नाही सांगत. सांगायचं नाही का माणसानं? बायकोला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं, कार्ब्युरेटरला? ...नाही. कसं सांगतील ते. ज्यानं घरातली सगळी बटणं अशी लावून ठेवली की आपल्यावाचून सगळ्यांचं अडावं, त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं, आता मलाच बटण सापडत नाही.

तर असं करा. वायरी सरळ करा. पंपाचं चित्र ते पेट्रोल, पाण्याचं ते पाणी, जगात असतं तसं. किती वेळ लागेल? मग करा लगेच, मी थांबते. आणि तो पंखा, तो आपला आपण चालू होईल असं काही बसवता येतं? तेही करा. आणि झालं की मोठ्यानं सांगायचं, त्यांना ऐकू जाईल असं — काटा खराब होता म्हणून. साफ खराब होता, साहेबांचं बरोबर होतं, असं सांगायचं. उलट्या वायरीचा विषय तुम्ही काढायचा नाही. डोळ्यांचंही नाही. डोळ्यांचं मी बघते, मुलीच्या गावात मोठा दवाखाना आहे, उद्या जातोच आहोत. नातीला आणायला जातोय म्हणून निघायचं आणि वाटेत दवाखाना लागला असं करायचं. ह्यांना असंच न्यावं लागतं. सरळ सांगितलं तर खुर्चीला चिकटून बसतील.

झालं? एवढ्यात? मग चार रविवार काय करत होते तिथे खाली झोपून. बरं. आता सांगा. मोठ्यानं सांगा.

...ऐकलंत का हो? काटाच खराब होता म्हणतायत मिस्त्री. तुम्ही म्हणत होतात तेच. हो, बदलला आता, सगळं सरळ केलंय, शाळेतल्या पुस्तकात असतं तसं. त्यामुळे तुमचा तो उलटा अंदाज आता चालायचा नाही, घोटाळा होईल. काही दिवस मलाच चालवू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि इंजिनाचा आवाज ऐका, काही बिघडलं तर तुम्हालाच आधी कळणार, मला काय कळतंय त्यातलं. आणि डावीकडून काय येतंय ते मी बघेन. ...काय म्हणालात? पंखा? आपोआप लागतो आता. हो. वाईट वाटतंय? वाटू दे थोडं.

मिस्त्री, बोनेट टाका खाली, निघतो आम्ही. ती बादली तेवढी बाजूला घ्या आधी. या हो. अहो, इकडे नाही, ही माझी बाजू. तुमची पलीकडची. असं गाडीला हात लावून या पुढून... हं, तेच दार. नुसतं ओढू नका, नाही उघडायचं. थांबा, मीच येते. वर उचलायचं, जरा आत ढकलायचं, मग ओढायचं.

बसा.